दर पावसाळ्यानंतर सुटणारा ऑइल पेंट, त्यातलं शिसं आणि आपली भाड्याची खोली

तक्रार दर वर्षी तीच असते. गणपती उठले की खिडकीच्या चौकटीवरचा रंग फुगतो, दसऱ्यापर्यंत पोपडे सुटतात, भाडेकरू निरोप देतात, आपण रंगारी बोलावतो. तो पत्रीने (रंग खरवडायच्या पातळ पात्याने) कोरडंच खरवडतो, पॉलिश पेपर मारतो, वरून ऑइल पेंटचा एक हात देतो. दिवाळी चकचकीत होते. पुढच्या भाद्रपदात पुन्हा पोपडे.

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या सासरच्या घरात खालच्या दोन खोल्या आम्ही कितीतरी वर्षं भाड्याने देतो. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांत त्या खोल्यांत कृष्णेचं पाणी आलं. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. तेव्हा तर कंबरेएवढ्या पट्ट्याचा ऑइल पेंट पापडासारखा अखंड सुटून आला होता. आम्ही तो झाडूने गोळा करून कोपऱ्यात ढीग लावला, आणि शेजारी पोरं खेळत होती. मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं.

कळलं ते दोन वर्षांपूर्वी. खालच्या खोलीतली मुलगी तेव्हा दीड वर्षाची. तिची आई वर येऊन म्हणाली, "काकू, ही खिडकीत उभी राहून रंगाचे पापुद्रे तोंडात घालतीय, ओरडले तरी ऐकत नाही." पोरीचं हिमोग्लोबिन कमी होतं, पोट सारखं दुखायचं. बालरोगतज्ज्ञांनी शिशाची रक्ततपासणी करायला सांगितली आणि आकडा डेसिलीटरमागे ५ मायक्रोग्रॅमच्या वर निघाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सूचनांत हाच आकडा आहे: तो ओलांडला की शिसं कुठून येतंय ते शोधा आणि तो मार्ग बंद करा. मुळात शिशाची निर्धोक अशी पातळी नाहीच. तेवढंच शिसं पोटात गेलं तर लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेतं, अंगात लोह कमी असेल तर आणखी. बऱ्याचदा बाहेरून काहीही दिसत नाही. मेंदूच्या वाढीवर होणारा परिणाम मात्र पुढे भरून निघत नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. ज्यांचे वाडे, जुनी घरं, चाळी भाड्याने दिलेल्या आहेत, त्यांनी कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

आधी वर्ष तपासा, आणि ते १९७८ नव्हे

इंटरनेटवर शोधलं की पहिला आकडा १९७८ चा येतो. तो अमेरिकेचा. तिथे त्या वर्षी घरगुती रंगातलं शिसं बंद झालं. तो वाचून आमच्या एका नातेवाइकांनी "आमचं घर नव्वद सालचं, म्हणजे काळजी नाही" असं ठरवून टाकलं होतं. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर कायद्याने बंधन आलं ते २०१६ च्या नियमांनी, आणि ते लागू झाले १ नोव्हेंबर २०१७ पासून. मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग, म्हणजे ९० पीपीएम. त्याआधी मानक होतं, पण ते पाळायची सक्ती नव्हती. म्हणजे तुमच्या खिडकीला २०१७ च्या आधी कधीही ऑइल पेंट लागला असेल, तर घर २०१० सालचं का असेना, शंका धरूनच चालायचं. नंतर मारलेल्या चांगल्या रंगाने खालचे थर नाहीसे होत नाहीत. आमच्या चौकटीवर मी सात थर मोजले.

शिसं जास्त करून ऑइल पेंटमध्ये असायचं, डिस्टेंपर आणि चुन्यात सहसा नाही. पिवळा, नारिंगी, लाल आणि हिरवा हे रंग सगळ्यात संशयास्पद, कारण पिवळ्याची चमक लेड क्रोमेटची आणि त्याच पिवळ्यात निळा मिसळून हिरवा व्हायचा. जुन्या वाड्यांच्या खिडक्या बहुतेक हिरव्याच, हे लक्षात घ्या. रंग लवकर वाळावा म्हणूनही शिसं घालत, त्यामुळे पांढराही सुटत नाही. जुने सुतार लाकडाच्या भेगांत अळशीच्या तेलात सफेता कालवून भरायचे. मूळचा सफेता म्हणजे शिशाचीच पांढरी भुकटी. लोखंडी गजांवर आणि जिन्याच्या कठड्यावर आतून भगवा, शेंदरी थर दिसला तर तो बहुधा शेंदूर, म्हणजे रेड लेड. विटकरी रेड ऑक्साइड वेगळा, तो लोखंडाचा. पण डोळ्यांनी निकाल लागत नाही.

निकालासाठी पोपडा प्रयोगशाळेत पाठवा. लाकूड दिसेपर्यंतचे सगळे थर येतील असा रुपयाच्या नाण्याएवढा तुकडा, पाणी शिंपडून, धारदार पात्याने उचलायचा आणि बंद पिशवीत ठेवून बाहेर खोली, खिडकी, तारीख लिहायची. रंगातल्या शिशाची चाचणी करणारी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची प्रयोगशाळा निवडा. घरी करायच्या रंगपट्ट्या मिळतात, पण त्या वरच्याच थराचं बोलतात आणि लाल रंगावर फसवतात. आमच्या चौकटीचा अहवाल आला तेव्हा आकडा हजारांत होता. भिंतीच्या चुन्यात काहीच नव्हतं.

रोग रंगात नाही, ओलीत आहे

धड, घट्ट चिकटलेला शिशाचा रंग जागच्या जागी कोणाला मारत नाही. धूळ झाली की तो विष होतो. म्हणून दर वर्षी तो का सुटतो, हे आधी शोधलं पाहिजे. रंगाची कंपनी बदलून आम्ही कित्येक वर्षं वाया घालवली.

आमच्याकडे तीन कारणं निघाली. पहिलं, खिडकीवरचा छज्जा चिरलेला आणि पन्हळीचं पाणी थेट चौकटीवर. दुसरं, जोत्यातून चढणारी ओल: भिंतीला लोणा (ओलीबरोबर वर येऊन फुलणारा खार) लागलेला आणि त्यावर ऑइल पेंटचा पट्टा. ऑइल पेंट ओल बाहेर पडू देत नाही, मग ती आतून रेटून रंगच काढते. तिसरं कारण मला सगळ्यात जास्त लागलं, कारण ते आमच्या सवयीचं होतं. आपण रंगाचं काम काढतो ते दिवाळीआधी, म्हणजे लाकूड आणि भिंत वर्षातली सर्वांत जास्त ओली असताना. त्यावर मारलेला रंग टिकणारच नाही. आता आमच्या घरात रंगाचं काम मार्च-एप्रिलमध्ये होतं, शाळा-कॉलेजचे नवे भाडेकरू जूनमध्ये यायच्या आधी. दिवाळीला फक्त चुना. एवढ्या एका बदलाने निम्मे पोपडे थांबले.

दाराचं वेगळं. पावसात दार फुगतं, चौकटीला घासतं, आपण सुताराला बोलावतो आणि तो कडेला रंधा मारतो. कोरडा रंधा म्हणजे जुन्या सातही थरांचा भुगा उंबऱ्यावर. रंधा मारला नाही तरी रोजच्या उघडझापीत तिथे पिठासारखी धूळ पडतच असते, आणि रांगणारं मूल उंबऱ्यापाशीच बसतं. दाराच्या घासणाऱ्या कडा आणि खिडकीच्या खाचा ही घरातली सर्वांत वाईट जागा. आम्ही खिडक्यांच्या झडपा जपल्या, पण मागचं दार चौकटीसकट बदलून टाकलं. जिथे लाकूड लाकडाला घासतं तिथे वरून रंग मारणं हा उपाय नव्हे.

काम कसं करायचं

आमचे रंगारी मामा या धंद्यात चाळीस वर्षं आहेत. पाणी मारून खरवडा म्हटल्यावर म्हणाले, "वहिनी, ओल्यावर रंग धरत नाही." त्यांचं बरोबर होतं. पण ओलं खरवडायचं आणि वाळल्यावर रंगवायचं, मध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्यायचे, हे उन्हाळ्यात सहज जमतं. मजुरी जास्त पडते, ती मालकाने द्यायची.

खोली रिकामी करा. मुलं आणि गरोदर बाई काम संपून सफाई होईपर्यंत त्या खोलीत नकोत, दुपारच्या सुट्टीतही नकोत. आम्ही चार दिवस वरची खोली दिली. तुमच्याकडे जागा नसेल तर त्यांची सोय आणि तेवढ्या दिवसांच्या भाड्याची सूट ही कामाच्या खर्चातच धरा. भांडी, अंथरुणं, धान्याचे डबे बाहेर. जमिनीवर जाड प्लास्टिक, कडा चिकटपट्टीने बंद, दारावर ओला पडदा. जवळच्या बटणांचा वीजपुरवठा बंद करून मग साबणाच्या पाण्याचा फवारा. सुटलेलं तेवढंच काढायचं, पत्रीने, ओलं ठेवत ठेवत. गुळगुळीत करायला कोरडा पॉलिश पेपर नाही, वॉटर पेपर. घासायचं मशीन नको. ब्लो लॅम्पने रंग जाळून काढणं तर अजिबात नको, त्याने शिशाची वाफ होते आणि ती खरवडणाऱ्याच्या छातीत जाते.

रंगाऱ्याला नाकाशी घट्ट बसणारा मास्क द्या, तोंडाला बांधलेला गमछा उपयोगाचा नाही. हात-तोंड धुतल्याशिवाय चहा नाही, तंबाखू नाही. कामाचे कपडे इथेच बदलून, वेगळे धुवायचे. मामांचा नातू तीन वर्षांचा आहे. हे सांगितल्यावर मामांनी दुसऱ्या दिवसापासून स्वतःहून कपड्यांची पिशवी आणली.

सफाईत झाडू बंद. साध्या व्हॅक्यूमनेही बारीक धूळ उलट हवेत उडते. प्लास्टिक ओलं करून आतल्या आत गुंडाळा, मग साबणाच्या ओल्या फडक्याने भिंत, चौकट, जमीन या क्रमाने पुसा, स्वच्छ पाण्याने पुन्हा पुसा. ते पाणी चौकात किंवा तुळशीला घालू नका, संडासात ओता. पोपडे आणि फडकी पिशवीत बंद करून घरगुती घातक कचरा म्हणून वेगळी द्या. बाहेरून रंगवलेल्या भिंतीच्या पायथ्याची माती विसरू नका. वर्षानुवर्षं तिथेच पोपडे पडलेत. आम्ही तिथे वरून नवी माती टाकून फरश्या बसवल्या.

राहिलेल्या घट्ट रंगावर प्राइमर आणि दोन हात नवा रंग. डब्यावर शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नसल्याचा उल्लेख आणि उत्पादनाची तारीख असते, ती वाचूनच घ्या. माळ्यावरचा जुना डबा "वाया जाईल" म्हणून वापरू नका. लोणा लागलेल्या पट्ट्यावर मात्र नवा थर टिकणार नाही. तिथे आम्ही खोली रिकामी असताना गिलावाच ओला करून उतरवला, चुन्याचा गिलावा केला आणि वर फक्त चुना.

आणि एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. काढलेलं जुनं दार, चौकटीचे तुकडे, गजांची लाकडी पट्टी: आपल्याकडे हे सगळं बंबात जातं. रंगवलेलं लाकूड जाळलं की शिसं धुरात आणि राखेत उतरतं, आणि अनेक घरांत त्याच राखेने भांडी घासली जातात. आमच्या मागच्या दाराच्या फळ्या शेजारच्या आजींनी बंबासाठी मागितल्या. मी दिल्या नाहीत, कारण सांगितलं आणि त्यांना साधी जळाऊ लाकडं आणून दिली. होळीतही टाकू नका.

फक्त रंगच का?

मुलाच्या रक्तात शिसं निघालं की मालक म्हणतो घरातलं नाही, भाडेकरू म्हणतात घरातलंच. दोघांनी मिळून शोधावं. हळदीच्या सुट्या भुकटीत आणि पॉलिश केलेल्या हळकुंडांवरही चमक आणायला तोच लेड क्रोमेट वापरल्याची प्रकरणं आपल्या देशात आणि बांगलादेशात सापडली आहेत. हळदीच्या पेठेत राहून आपण तरी सुटी भुकटी किंवा चकचकीत पॉलिशची हळकुंडं घेऊ नयेत, पॉलिश न केलेली आणून दळावीत. मुलाच्या डोळ्यांतला सुरमा, शिसं मिसळलेली कल्हई, काही भस्मं, देवाचा शेंदूर, घरातला कोणी बॅटऱ्या फोडण्याच्या कामावर असणं, हे सगळं विचारा. पण पोपडे सुटत असतील तर ही यादी आपली ढाल करू नका. बोटाच्या टोचणीवर आकडा जास्त आला तर शिरेतल्या रक्तावर पुन्हा तपासून घ्या, हाताच्या धुळीनेही तो वाढतो. उपचार डॉक्टरांचा, शिसं बाहेर काढणारी औषधं ४५ मायक्रोग्रॅमच्या आसपास आणि पुढे विचारात घेतात. त्याखाली खरा उपचार स्रोत बंद करणं, लोह आणि कॅल्शियम नीट देणं आणि ठरावीक काळाने पुन्हा तपासणं हाच.

कायद्याचं

अमेरिकेत जुनं घर भाड्याने देताना माहीत असलेल्या शिशाची लेखी माहिती आणि एक पुस्तिका द्यावीच लागते. आपल्याकडे तसा फॉर्म नाही, म्हणून पुष्कळ मालकांना वाटतं की जबाबदारीही नाही. ते चूक आहे.

अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार असेल तर १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा बघा. कलम ५७ म्हणतं, जागेतला जो दोष राहणाऱ्याच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक ठरू शकतो, जो तुम्हाला माहीत आहे आणि त्याला नाही, तो सांगणं तुम्हाला बंधनकारक आहे. कलम ५८ म्हणतं, जागा धोकादायक होईल असं काही तुम्ही करायचं नाही. माणसं राहत असताना कोरडं खरवडणं हे मला थेट ५८ मध्ये बसताना दिसतं. नेहमीची भाडेपट्टी असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ तशीच, साध्या नजरेला न दिसणारे दोष सांगायची जबाबदारी टाकतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे, उलट करार नसेल तर जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणं मालकाकडे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही वाजवी वेळेत दुरुस्ती झाली नाही तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. असं झालं तर तो कोरडंच खरवडेल, त्याला काय माहीत? म्हणून नोटिशीची वाट बघू नका.

याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २८ प्रमाणे पूर्वसूचना देऊन वाजवी वेळी जागा पाहायचा हक्क तुम्हाला आहे. तो वर्षातून दोनदा वापरा, मेमध्ये आणि दसऱ्याला. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत करणं मालकाचं काम. तो नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, आणि तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

अहवाल हातात आला की "मला माहीत नव्हतं" हे म्हणणं संपतं. या भीतीने काहीजण तपासणीच करत नाहीत. माझं मत उलट आहे. पोपडे सगळ्यांना दिसत असताना न तपासणं हा निष्काळजीपणाच दिसेल, आणि तपासून, सांगून, काम करून ठेवलेले कागद ही मालकाची सगळ्यात मोठी बाजू. "रंगाबाबत मालक जबाबदार नाही" असं कलम करारात घालून माहीत असलेला धोका लपवता येईल, या भरवशावर राहू नका. लहान मुलं असलेल्या कुटुंबाला खोली नाकारणं किंवा तपासणी मागितली म्हणून काढून टाकणं तर माणुसकीलाच सोडून आहे. आणि हे काम अनामत रकमेतून कापायचं नाही.

मी एक फाइल ठेवली आहे: प्रयोगशाळेचा अहवाल, कामाआधीचे आणि नंतरचे तारखेसह फोटो, रंगाच्या डब्याच्या लेबलचा फोटो, मामांची पावती, भाडेकरूंना पाठवलेले व्हॉट्सअ‍ॅप निरोप. वाद नसतानाच हे जमवायचं असतं. रक्कम मोठी असेल किंवा नोटीस आलीच असेल तर आधी वकिलांना भेटा, मग उत्तर द्या.

आता नव्या कराराला मी एक जोडपत्र लावते. हवं तर हे शब्द घ्या:

"या घरातील खिडक्यांच्या चौकटी आणि गज यांवरील जुन्या थरांत शिसे असल्याचे तपासणीत आढळले आहे (अहवालाची प्रत सोबत). सुटलेला रंग दि. ____ रोजी ओल्या पद्धतीने काढून वरून नवा रंग दिला आहे. रंग सुटलेला दिसल्यास भाडेकरूंनी तो खरवडू नये, घासू नये, खिळे ठोकू नयेत. मालकांना फोटो पाठवावा. मालक सात दिवसांत पाहणी करतील आणि स्वखर्चाने दुरुस्ती करतील. कामाच्या काळात राहण्याची पर्यायी सोय मालक करतील. मुलांचे हात जेवणाआधी धुवावेत, खिडकीची कड आठवड्यातून दोनदा ओल्या फडक्याने पुसावी."

खाली दोघांच्या सह्या. खालच्या खोलीतली मंडळी अजून आमच्याकडेच आहेत. पोरीच्या शेवटच्या दोन तपासण्यांत आकडा उतरत आलाय, पुढची जूनमध्ये आहे. रस्त्याकडच्या दोन खिडक्या या मार्चला करायच्या राहिल्या, तोवर त्यांच्या कडांवर मी जाड चिकटपट्टी लावून ठेवली आहे आणि त्या खिडक्यांपाशी बाळाचा पाळणा ठेवू नका असं सांगितलं आहे.